खाटेखालचे एकोणीस दिवस

तिच्या घरातली खाट इतरांच्या खाटांपेक्षा हातभर उंच होती. चारही पायांखाली तीन-तीन विटा. त्या खाटेवर तिची सासू झोपायची, आणि वर चढायला तिला स्टूल लागायचं. रोज स्टुलावर पाय ठेवताना म्हातारी म्हणायची, "झोपायला चाललेय की माळ्यावर चढतेय, तेच कळत नाही बाई." स्वयंपाकघरातून सून ओरडायची, "आई, खालचं काही हलवू नका हं!" त्यावर म्हातारी पुटपुटायची, "हलवायला जागा तरी ठेवली आहेस का?"

खरंच नव्हती. खाटेखाली भिंतीपासून कडेपर्यंत रांगा होत्या. मागे पाण्याचे कॅन, त्यांच्यापुढे तांदूळ, पीठ आणि डाळींचे डबे, मग मीठ, साखर, दुधाची पावडर. पुढच्या रांगेत मेणबत्त्या आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून मेणाने तोंड बंद केलेल्या काड्यापेट्या. एका कोपऱ्यात साबणाच्या उरलेल्या चिपा दाबून केलेला गोळा होता, चेंडूएवढा. तीन माणसांना एकोणीस दिवस पुरेल असा हा सगळा हिशेब होता. वीस नाही, अठरा नाही, एकोणीस.

इमारतीतले लोक तिला मुंगी म्हणायचे. अंगाने किडकिडीत, चालणं भरभर, आणि कामावरून परतताना हातात काही ना काही असायचंच. तोंडावर मुंगीताई, पाठीमागे नुसती मुंगी. तिला त्याचं काही वाटायचं नाही. "मुंगी कोणाच्या दारात हात पसरायला जात नाही," असं ती म्हणायची, आणि म्हणताना डाव्या गालावर तळवा दाबून धरायची, कारण त्या बाजूची दाढ गेलं वर्षभर ठणकत होती.

एवढा साठा एकदम करण्याची त्या घराची ऐपत नव्हती, हे वेगळं सांगायला नको. नवरा लांबच्या मार्गावर ट्रक चालवायचा, महिन्यातून चार दिवस घरी. दोघांचे पगार मिळून महिना जेमतेम सरायचा, आणि शेवटच्या आठवड्यात चहात दूध घालायचं की नाही यावर घरात चर्चा व्हायची. म्हणून तिने स्वतःला एक नियम घालून घेतला होता: आठवड्याला एक वस्तू. एका आठवड्याला मिठाची पिशवी, दुसऱ्या आठवड्याला दोन मेणबत्त्या. ज्या आठवड्यात काहीच परवडायचं नाही त्या आठवड्यात ती रिकामा कॅन धुऊन पाण्याने भरायची आणि तीच वस्तू धरायची. पाणी फुकट होतं आणि नियमही मोडत नव्हता. दर रविवारी कॅनमधलं जुनं पाणी धुण्याला वापरायचं आणि ताजं भरायचं. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण लोक नुसती पाठ करतात, हिने ती खाटेखाली मांडून दाखवली होती.

शिवाय तिची नोकरीही कामाला यायची. नदीच्या पलीकडे एक मोठं किराणा दुकान होतं, तिथे ती फळ्यांवर माल लावायची. त्या कामातला पहिला धडा म्हणजे जुनं आधी, नवं मागे. नवा माल आला की जुना पुढे ओढायचा आणि नवा त्याच्या मागे सरकवायचा, म्हणजे जुना आधी खपतो. दहा वर्षं हेच करून तिच्या हातांना अशी सवय लागली होती, की कपाटातल्या साड्यासुद्धा ती त्याच क्रमाने नेसायची. दुकानात पोचा पडलेले डबे नोकरांना अर्ध्या किमतीत मिळायचे. ज्यांच्यावरचं लेबल निघून गेलंय, ते डबे तर त्याहून स्वस्त. आत वाटाणे आहेत, मासे आहेत की पाकातली फळं, हे फोडल्याशिवाय कळायचं नाही. घरात त्यांना मुके डबे म्हणत.

मुका डबा बोलता करण्याची विद्या एकट्या सासूकडे होती. तारीख जवळ आलेला एखादा डबा दर शनिवारी संपवायचा असायचा. म्हातारी तो कानाशी धरून हलवायची, डोळे मिटायची आणि निकाल द्यायची. "वाटाणे." फोडल्यावर वाटाणेच निघायचे. "हे फळ आहे, पण पाक पातळ आहे, लबाडी केलीय मेल्यांनी." तेही खरं निघायचं. सहा वर्षांत तिचा निकाल एकदाही चुकला नव्हता. सून म्हणायची, "आई, तुम्हाला दुकानात नोकरीला लावते." म्हातारी म्हणायची, "लाव. पण मला खुर्ची लागेल, आणि तुझ्या त्या मॅनेजरला चार शब्द ऐकवायची मुभा लागेल."

आता एकोणीस दिवसांचं.

त्यांची वस्ती म्हणजे नदीच्या अलीकडच्या आठ इमारती आणि एक शाळा. बाकी सगळं पलीकडे: बाजार, दवाखाना, औषधाचं दुकान, तिची नोकरी. मधे एकच पूल. सहा वर्षांपूर्वी नदीने तो पूल एकोणीस दिवस बंद पाडला होता. तेव्हा सासरे होते. त्यांना आणि सासूला रक्तदाबाची एकाच प्रकारची गोळी होती, पण सासऱ्यांचं हृदयही अधू होतं. पूल बंद होण्याच्या आदल्या दिवशी मुंगी पगाराचे उरलेले पैसे घेऊन दुकानातून निघाली होती. घरात दोघांच्याही चार दिवसांच्या गोळ्या होत्या, म्हणजे अजून वेळ आहे असं तिला वाटलं. आणि त्या दिवशी दुकानात धुण्याच्या पावडरीच्या दोन मोठ्या पिशव्यांवर एक फुकट होती. तिने पावडर घेतली. गोळ्या सोमवारी आणू, असं ठरवलं.

सोमवारी पूल नव्हता. पाचव्या दिवशी सासऱ्यांच्या गोळ्या संपल्या. सासूने पहिल्या दिवसापासून न घेता राखून ठेवलेल्या आपल्या वाटच्या गोळ्या त्यांना दिल्या आणि स्वतः एकोणीसही दिवस बिनगोळीची राहिली. त्या गोळ्याही संपल्या. चौदाव्या दिवशी, दुपारी, भिंतीला टेकून बसलेले असताना सासरे गेले. घरात तीन पिशव्या धुण्याची पावडर होती आणि कपडे धुवायला पाणी नव्हतं.

सासू त्यावर कधी एक शब्द बोलली नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर मुंगीला बरं वाटलं असतं. म्हातारीने फक्त एकदा, पुष्कळ दिवसांनी, नवल वाटावं तसं म्हटलं होतं, "मी इतके दिवस गोळी घेतली नाही, पण मला काही झालं नाही बघ. माणूस चिवट असतं." मुंगीने ते ऐकलं आणि सोडून दिलं. दोन पावडरी वापरून संपल्या. तिसरी तिने कधी फोडली नाही. खाटेखाली सगळ्यांत मागे, पाण्याच्या कॅनच्याही पाठीमागे, ती तशीच पडून होती.

तेव्हापासून तिला एकच ध्यास होता. पुन्हा पूल गेला तरी या घरातलं माणूस गोळीवाचून जाता कामा नये. तांदूळ-पीठ सगळं खरं, पण त्या सगळ्या साठ्याचा राजा म्हणजे गोळ्यांचा डबा. बिस्किटांचा जुना चौकोनी पत्र्याचा डबा होता तो. दहा महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी सासूची गोळी बदलली, नवी महाग निघाली, आणि जुना साठा वाया गेला. मुंगीने पहिल्यापासून सुरुवात केली. दर महिन्याला तीन पट्ट्या लागायच्या, त्या आणायच्याच. शिवाय दोन महिन्यांतून एकदा, पोटाला चिमटा काढून, एक जादा पट्टी. औषधवाला म्हणायचा, "ताई, गोळ्या काय लोणच्यासारख्या मुरवायच्या आहेत का?" ती म्हणायची, "तुम्ही द्या हो. मुरल्या तर मुरल्या." डब्यात नव्या पट्ट्या मागे, जुन्या पुढे. संपली की सासूने पुढची काढायची. रोज एक गोळी, सकाळी चहानंतर.

आणि दाढेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "आता काढावीच लागेल, उशीर करू नका." दाढ काढायला जेवढे पैसे लागणार होते, तेवढ्यात चार पट्ट्या यायच्या. ती उठून घरी आली आणि दाढेत लवंग धरली.

"अगं, रात्रभर कण्हत होतीस," सासू म्हणायची.

"स्वप्न पडलं असेल."

"दाढेला स्वप्न पडतं होय?"

"आई, दाढ काय कुठे पळून जातेय? तोंडातच आहे. पूल सांगून जात नाही."

त्या दिवसांत एकदा, नवा माल डब्यात टाकण्याआधी, तिने पट्ट्या मोजल्या. पाच असायला हव्या होत्या, आठ निघाल्या. पुन्हा मोजल्या. आठच.

इथे तिच्या जागी दुसरी कोणी असती तर तिला शंका आली असती. पण ही दुकानात वाढलेली. दुकानात माल कमी भरला की आकाश कोसळतं. कॅमेरे बघतात, पिशव्या तपासतात, पगार कापतात. माल जास्त भरला तर कोणी हूं की चूं करत नाही. मोजणाऱ्याची चूक झाली असेल म्हणायचं, आकडा सुधारायचा आणि पुढच्या फळीला लागायचं. दहा वर्षांत जादा मालाबद्दल कोणी प्रश्न विचारलेला तिने पाहिला नव्हता. तिनेही विचारला नाही. मधे कधीतरी आपण दोन-तीन पट्ट्या जास्त आणल्या आणि विसरलो, अशी तिने स्वतःची समजूत घातली, आणि तिला इतका आनंद झाला की डबा मांडीवर घेऊन ती थोडा वेळ नुसती बसून राहिली.

सासू खाटेवरून बघत होती. "काय गं, लॉटरी लागली का?"

"आई, तीन पट्ट्या जास्त निघाल्या!"

"बघ," म्हातारी पटकन म्हणाली. "म्हणजे या खेपेला जादाची आणायला नको. ते पैसे दाढेला होतील."

त्या पैशांचा मुंगीने हाताने फिरवायचा कंदील आणला. वीज नको, बॅटरी नको, फिरवला की लागतो. तिने तो कौतुकाने फिरवून दाखवला. म्हातारीने कंदिलाकडे पाहिलं, मग सुनेच्या सुजलेल्या गालाकडे पाहिलं, आणि तोंड फिरवून भिंतीकडे निजली. मुंगीला वाटलं म्हातारीला उजेड टोचला.

पुढच्या महिन्यातही डबा भरल्यासारखाच होता. मुंगीने पुढच्या जादा पट्टीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून झाकणाचं पिंप आणलं. सासू म्हणाली, "आणि दाढ?" ती म्हणाली, "पुढच्या महिन्यात नक्की." म्हातारी म्हणाली, "बरं." त्या 'बरं'मध्ये काय होतं, ते मुंगीने ऐकलं नाही. तिचं लक्ष पिंप कुठे बसवायचं याकडे होतं.

त्याच सुमाराला सासूचं डोकं दुखायला लागलं. मुंगीने कपाळाला बाम चोळला. पाय सुजले, तेव्हा पायांखाली उशी दिली. उन्हाने होतं, वयाने होतं, असं शेजारणी म्हणाल्या आणि तिने ते खरं मानलं. एका शनिवारी म्हातारीने मुका डबा कानाशी धरला, हलवला आणि म्हणाली, "मासे." फोडला तर वाटाणे. तिघी हसल्या, तिसरी म्हणजे वरच्या मजल्यावरची शिवणवाली, जी मीठ मागायला आली होती. "आजी, तुमचं दुकान बंद करा आता," ती म्हणाली. पुढच्या शनिवारी डबा म्हातारीच्या हातातून निसटून फरशीवर पडला. म्हातारी आपल्या उजव्या हाताकडे, तो दुसऱ्या कोणाचा असावा तशी बघत राहिली. मुंगीने वाकून आधी डबा उचलला आणि पोचा किती पडलाय ते पाहिलं.

हे तिला पुढे जन्मभर आठवणार होतं.

मग वरच्या डोंगरांत पाऊस झाला आणि नदी फुगली. गुरुवारी सकाळी गाडी फिरली आणि भोंग्यावरून सांगून गेली: पूल दुपारी बंद होईल, किती दिवस ते सांगता येत नाही. इमारतीत पळापळ सुरू झाली. जिन्यात बादल्या आदळत होत्या, लोक पिशव्या घेऊन पुलाकडे धावत होते. तहान लागल्यावर विहीर खणायला निघालेली ही सगळी माणसं मुंगी खिडकीतून बघत होती, आणि खोटं कशाला बोला, तिला जरा बरं वाटत होतं. सहा वर्षं तिला हसले होते सगळे. तिने नवं पिंप काठोकाठ भरलं, कंदील फिरवून पाहिला, गोळ्यांचा डबा खाली काढून टेबलावर ठेवला. आपलं घर तयार आहे, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

"आई, चहा झाला. गोळी घ्या."

ती खोलीत गेली. म्हातारी स्टुलावर बसली होती. खाटेवर चढत होती की उतरत होती, ते कळत नव्हतं. तोंडाचा एक कोपरा खाली ओघळला होता. ती काहीतरी सांगत होती, पण तोंडातून शब्द येत नव्हते, नुसता आवाज येत होता.

शिवणवाली आणि तिचा भाऊ धावत आले. तिघांनी म्हातारीला स्टुलासकट उचलून तीन मजले खाली नेलं. भाड्याची गाडी मिळाली, पण पुलाशी माणसं अडथळे ओढत होती. पहारेकऱ्याने आत वाकून पाहिलं. "पेशंट आहे? जा. पण बाई, आता गेलात की परत येता येणार नाही. हे पक्कं समजा."

तिने मान हलवली. एकोणीस दिवसांचं अन्न, पाणी, उजेड सगळं या काठावर राहिलं आणि ती त्या काठाला चालली. निघताना तिने फक्त गोळ्यांचा डबा उचलला होता. चपला घालायला ती विसरली होती.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि घाईत होत्या. मेंदूत रक्ताची गाठ अडकलीय, उजवी बाजू लुळी पडलीय, असं सांगून त्यांनी विचारलं, "रक्तदाबाची गोळी चालू होती ना? की बंद केलेली?"

मुंगीला राग आला. हा प्रश्न दुसऱ्या कोणाला विचारावा, तिला नाही. "बंद? डॉक्टर, आमच्या घरी गोळी कधी संपत नाही," ती म्हणाली आणि तिने डबा उघडून पुढे केला. "हे बघा. जुनी पुढे, नवी मागे. तारखा बघा."

डॉक्टरीणबाईंनी डब्यात पाहिलं. "इतक्या?" त्या म्हणाल्या. "मग यांनी घेतल्या कधी?"

त्या निघून गेल्या. मुंगी बाकावर बसली आणि तिने मोजलं. नऊ पट्ट्या पूर्ण, एक अर्धी. मग तिने बोटांवर उलटा हिशेब केला: किती आणल्या, किती जायला हव्या होत्या, किती गेल्या. तीन महिन्यांत जेवढ्या संपायला हव्या होत्या, त्याच्या निम्म्या संपल्या होत्या. एक दिवस घेतली, एक दिवस नाही. एक घेतली, एक नाही. साठा आपोआप वाढत होता आणि तो बघून ती खूश होत होती.

तिला आधी संताप आला. म्हातारीला गदगदा हलवून विचारावंसं वाटलं, का केलंत असं? पण रागावणार कोणावर? आपलेच दात आणि आपलेच ओठ. आणि खरं सांगायचं तर राग म्हातारीवर टिकतच नव्हता. तो फिरून फिरून तिच्यावरच येत होता. पहिल्या वेळी गोळ्या कमी पडल्या आणि माणूस गेलं. या वेळी गोळ्या जास्त होत्या, आणि तिला मोजता येत असूनही कळलं नाही.

संध्याकाळी शिवणवालीचा फोन आला. "मुंगीताई, आजी कशा आहेत? इथे पूल बंद झाला. खालच्या दुकानात काहीच उरलं नाही गं, मेणबत्तीसुद्धा नाही. मुलांना..." आणि ती थांबली, कारण पुढचं मागायला तिला जड जात होतं.

"किल्ली तुझ्याकडेच आहे ना?" मुंगी म्हणाली. "खाटेखाली बघ. सगळ्या इमारतीला सांग. घेताना पुढचं आधी घ्या, जुनं आधी. आणि कंदील फिरवताना जोर लावू नका, दांडी नाजूक आहे."

फोन ठेवल्यावर तिला आठवलं की तिने सकाळपासून काही खाल्लेलं नाही. पर्समध्ये फार काही नव्हतं. नवरा नदीच्याही पलीकडे, दोन दिवसांच्या वाटेवर कुठेतरी अडकला होता. फोनवर तो लहान मुलासारखा रडला आणि मग मार्ग उघडला की निघतो म्हणाला. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या बायकोने तिच्यापुढे पावाचा तुकडा धरला. कुठूनतरी तिने जुन्या चपलाही आणून दिल्या. ज्या बाईने सहा वर्षं एका काडीसाठी कोणाच्या दारात हात पसरला नव्हता, तिने तो पाव घेतला, आणि दुखऱ्या दाढेने चावता येईना म्हणून पाण्यात बुडवून खाल्ला. पुढचे अकरा दिवस ती अशीच जगली.

चौथ्या दिवशी म्हातारीच्या तोंडातून पहिला शब्द आला. मुंगी तिचं तोंड ओल्या कापडाने पुसत होती. म्हातारीचा डावा हात उठला, सुनेच्या गालाला लागला आणि तिथेच थांबला.

"दा...ढ," ती म्हणाली.

मुंगीला आधी कळलं नाही. मग कळलं. 'ते पैसे दाढेला होतील.' कंदील. पिंप. भिंतीकडे फिरवलेलं तोंड. ते 'बरं'. तिने हातातलं कापड तोंडात कोंबलं, कारण वॉर्डात मोठ्याने रडायला बंदी होती.

"का हो आई," ती नंतर पुटपुटली. "मला सांगायचंत. ओरडायचंत. गोळी कशाला बंद केलीत?"

म्हातारीला उत्तर द्यायला फार वेळ लागला. एकेक शब्द ती जड पोत्यासारखा ओढून आणत होती. "तेव्हा... एकोणीस दिवस... मला काही... झालं नाही."

मुंगीने चमच्याने तिला पाणी पाजलं.

बाराव्या दिवशी पूल उघडला आणि दोघी घरी आल्या. जिन्यात माणसं उभी होती. शिवणवालीच्या भावाने म्हातारीला पाठुंगळी घेतलं. खोलीत आल्यावर मुंगीने वाकून खाटेखाली पाहिलं. फरशी लख्ख दिसत होती. डबे नाहीत, तांदूळ नाहीत, साबणाच्या चिपांचा गोळासुद्धा नाही. रिकामे कॅन धुऊन ओळीने लावलेले होते, आणि सगळ्यांत मागे, भिंतीला टेकून, धुण्याच्या पावडरीची न फोडलेली पिशवी.

"आठ घरं होती ताई," शिवणवाली दारातून म्हणाली. तिची नजर वर होत नव्हती. "सगळे भरून देणार म्हणालेत. थोडं थोडं करून."

"जुनं आधी घेतलंत ना?"

"हो. मग नवंही घेतलं."

मुंगीला हसू आलं आणि त्याच हसण्यात दाढेतून कळ मस्तकापर्यंत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाला. म्हातारीला आता उशीला टेकवून बसवावं लागत होतं. खाट विटांवरून खाली उतरवली होती. उंच ठेवण्यासारखं खाली काही नव्हतं. मुंगीने डब्यातून पुढची पट्टी काढली, गोळी तळहातावर घेतली. इस्पितळात तिला नवी सवय लागली होती. गोळी द्यायची, पाणी द्यायचं, आणि गिळली की नाही ते तोंडात डोकावून बघायचं.

"आ करा."

म्हातारीने तोंड घट्ट मिटलं.

"आई, आ करा. चेष्टा नको."

म्हातारीने मान हलवली. डाव्या हाताचं बोट उचललं आणि सुनेच्या गालाकडे रोखलं. "आधी... तू."

"आई, आत्ता कुठून आणू पैसे? इस्पितळाने सगळं खाल्लंय. खाटेखाली एक दाणा नाही. पहिल्यापासून भरायचंय सगळं. दाढ पुढच्या—"

तोंड मिटलेलंच राहिलं. मुंगीने गयावया केली, मग आवाज चढवला, मग अजून वाटेतच अडकलेल्या नवऱ्याला फोन लावायची धमकी दिली. म्हातारी खिडकीबाहेर बघत बसली. घड्याळाचा काटा सरकत होता आणि गोळी तळहातावर घामाने ओली होत होती. तेव्हा मुंगीला भीती वाटली. पुलाची नव्हे, नदीचीही नव्हे. समोरच्या हट्टी, मिटलेल्या, अर्ध्या वाकड्या तोंडाची.

तिने पाकीट उघडलं. आदल्या दिवशी जिन्यातल्या माणसांनी उपकाराची फेड म्हणून, नको नको म्हणत असताना, हातात कोंबलेले थोडे पैसे त्यात होते. त्यांत निदान महिन्याचं पीठ-तांदूळ भरता आलं असतं. ती थोडा वेळ त्या नोटांकडे बघत उभी राहिली. मग शिवणवालीला म्हातारीजवळ बसवून ती पूल ओलांडून गेली.

दोन तासांनी ती परत आली तेव्हा तिचा गाल बधिर होता आणि तोंडात कापसाचा बोळा होता. ती खाटेच्या कडेला बसली. बोळा काढला, तोंड उघडलं, आणि दिवा जवळ धरला.

म्हातारीने मान पुढे केली. मुका डबा तपासावा तशी तिने नीट पाहणी केली, अगदी आतपर्यंत. रिकामी जागा दिसली तेव्हा तिने समाधानाने हुंकार भरला. मग आपलं वाकडं तोंड, जेवढं उघडत होतं तेवढं, उघडलं.

मुंगीने गोळी तिच्या जिभेवर ठेवली आणि पाण्याचा पेला पुढे केला.